रोटीची कमाल उंची

इम्बाबाच्या बाजारगल्लीत शिहाताच्या भट्टीतली रोटी गेली एकतीस वर्षं फुगत होती, आणि त्यासाठी तिने कधी कोणाची परवानगी घेतली नव्हती. कोंडा भुरभुरलेली चपटी चकती भट्टीत जायची, अर्ध्या मिनिटात टम्म फुगायची आणि बाहेर लाकडी जाळीवर येऊन हळूहळू खाली बसायची. मग तिचा खिसा उघडून लोक त्यात बाकल्याची घोटलेली उसळ भरायचे आणि कामाला लागायचे. रोटी सरकारी शिध्याची होती, पण फुगायची ती स्वतःच्या हिमतीवर.

हे सुरळीत चाललं होतं ते एका शनिवारपर्यंत. त्या दिवशी विभागाच्या पुरवठा कचेरीचे संचालक रिफअत बे, म्हणजे रिफअतसाहेब, यांच्या उजव्या पायाचा अंगठा सुजला. आदल्या दिवशी भाचीच्या लग्नात त्यांनी दळिया भरलेली सहा कबुतरं, त्यावर कलेजी आणि यजमानांचं मन मोडू नये म्हणून आणखी दोन कबुतरं खाल्ली होती. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे मांसाने आलेलं दुखणं आहे, मांस आवरा. बेंना हे निदान फारसं शास्त्रीय वाटलं नाही. घरी येऊन त्यांनी मोबाइल उघडला, तर एक सडपातळ तरुण रिकाम्या फ्रिजसमोर उभा राहून सांगत होता की अंगातल्या यच्चयावत सुजेचं मूळ कर्बोदकांत, म्हणजे रोटी-भातात आहे. त्याच्या तासाभराच्या बोलण्यात कबुतराचा एकदाही उल्लेख आला नाही. तो तरुण बेंना फार अभ्यासू वाटला.

दुसऱ्या कोणी स्वतःपुरती रोटी सोडली असती. पण बे हाडाचे प्रशासक होते. जे स्वतःला जमत नाही ते साऱ्या विभागाकडून करून घ्यायचं, ही त्यांची जुनी कार्यपद्धती. रविवारी परिपत्रक निघालं की रोटीमुळे नागरिकांस सूज येते असे कचेरीच्या निदर्शनास आले आहे. डॉक्टरीणबाईंचं लेखी मत मागवण्यात आलं. त्यांनी लिहिलं की साखर, मैदा, गोड सरबतं यांचा अतिरेक झाला तर आतली सूज वाढू शकते, पण कोंड्यासकटची जाडीभरडी रोटी त्या रांगेत बसत नाही, कोंडा तर उलट बरा. हे मत 'अवांतर' असा शिक्का मारून ठेवलं गेलं आणि बैठकीत सर्वांना केक वाटण्यात आला. केक शिध्यावर मिळत नसल्यामुळे तो कचेरीच्या अखत्यारीत येत नव्हता.

सोमवारी निरीक्षक उस्ताज वग्दी पट्टी घेऊन शिहाताच्या भट्टीवर आले. रोटीत सूज नेमकी कुठून शिरते, हे शोधण्याचं काम त्यांच्याकडे होतं. ते भट्टीच्या तोंडाशी वाकले, एक चकती आत जाताना पाहिली, ती फुगताना पाहिली, आणि वहीत लिहिलं, 'आमच्या डोळ्यांदेखत सुजली.'

"साहेब, ती सुजत नाही, फुगते. आत वाफ असते," शिहाता म्हणाला.

"वाफ कुठून येते?"

"पिठातल्या पाण्याची होते."

"म्हणजे पाणीही," असं म्हणून वग्दींनी पाण्याचीही नोंद केली. जी वस्तू स्वतः एवढी सुजते ती खाणाऱ्याला सुजवल्याशिवाय कशी राहील, हा त्यांचा युक्तिवाद होता. असल्या युक्तिवादाला उत्तर सुचायला माणूस बराच शिकलेला लागतो किंवा अजिबात शिकलेला नसावा लागतो. शिहाता चौथीपर्यंत गेला होता.

मंगळवारच्या दुसऱ्या परिपत्रकाने रोटीची कमाल उंची एक सेंटिमीटर ठरवली. उंची ओलांडली तर भट्टी लाखेने बंद, आणि तपासणी गुरुवारी. शिहाताने फळीला खिळे ठोकून चकत्यांना भोकं पाडायला सुरुवात केली. रोटी फुगायची थांबली. तिचा खिसाही नाहीसा झाला आणि आतला गोळा कच्चा राहू लागला. लोक उसळ वरून थापून खाऊ लागले आणि ती कोपरापर्यंत ओघळू लागली. हज करून आलेली सत्तरीची हाज्जा इन्साफ रोज रांगेत पहिली असायची. तिने रोटी उलटसुलट करून पाहिली.

"शिहाता मुअल्लिम, ही रोटी केलीस की चपलेचा तळ? गच्चीवरच्या कोंबड्यांना टाकली, तर त्यांनी मान फिरवली."

"सरकारी उंची आहे, हाज्जा."

"मग सरकारी कोंबड्या पाळायला हव्यात."

शिहाताने मान खाली घातली. त्याला मनापासून शरम वाटली. एकतीस वर्षांत उधार मागणारे, भांडणारे, रांग मोडणारे असे सगळे त्याने पाहिले होते, पण आपल्या हातची रोटी आपणच गिऱ्हाइकाकडे न बघता द्यायची, ही वेळ पहिलीच.

कचेरी काही निर्दय नव्हती. बुधवारच्या तिसऱ्या परिपत्रकात सवलत होती. ज्या नागरिकाच्या अंगात सूज नाही असा दाखला असेल, त्यास फुगलेली रोटी देण्यास हरकत नाही. दाखला कचेरीच्या तिसऱ्या मजल्यावर मिळत होता. कारकून फीत घेऊन घोटा मोजायचा. सकाळी सातपासून जिन्यात रांग लागली, आणि घोट्यापर्यंत पोचायला माणसाला चार-पाच तास उभं राहावं लागत होतं. पाच तास उभं राहिल्यावर घोट्याचं जे होतं तेच सगळ्यांच्या घोट्यांचं झालं. दुपारपर्यंत एकही दाखला निघाला नाही, आणि सारा विभाग सुजलेला आहे हे कचेरीचं म्हणणं आकड्यांनिशी सिद्ध झालं.

हाज्जा इन्साफने कारकुनाला सांगितलं की सकाळी आले तेव्हा घोटा चांगला होता. कारकून शांतपणे म्हणाला, "असेल. पण सकाळचा घोटा धरता येत नाही, तेव्हा कचेरी उघडलेली नव्हती."

ती तिथून थेट भट्टीवर आली आणि पिठाच्या पोत्यावर बसली. ती गप्प बसलेली शिहाताने कधी पाहिली नव्हती, आणि तिच्या शिव्यांपेक्षा ते त्याला जास्त लागलं. भट्टी बंद पडायची असेल तर पडो, पण चांगल्या रोटीवर पडो, असं त्याने ठरवलं आणि खिळ्यांची फळी भट्टीत टाकली. ती छान जळाली.

गुरुवारी सकाळी अकराला रिफअत बे स्वतः गाडीतून आले, एका पायात बूट आणि दुसऱ्यात सपात. मागे वग्दी, पट्टी आणि लाख. जाळीवरच्या रोट्या पाहूनच वग्दींचा चेहरा पडला, पण कर्तव्य म्हणून त्यांनी पट्टी लावली. सात सेंटिमीटर. बेंनी शिहाताला खुलासा विचारला. शिहाता म्हणाला, "बे, मी तिला समजावलं. तिला वाचता येत नाही."

पंचनाम्यासाठी माल मांडून मोजणं आवश्यक होतं. टेबल नव्हतं. इथे बेंच्या हातून एक चूक झाली. बंद कचेरीत वीस वर्षं काढलेल्या माणसाच्याच हातून होणारी ती चूक होती. ते म्हणाले, खाली ठेवा. वग्दींनी डोळे मिटून जाळी रस्त्यावर रिकामी केली.

रोटी जमिनीवर दिसली की या शहरातला माणूस ती उचलतो, ओठांना लावतो, कपाळाला लावतो आणि उंचावर ठेवतो. हे त्याला कोणी शिकवत नाही. गल्ली थांबली. रिक्षावाला उतरला, न्हाव्याने गिऱ्हाईक अर्ध्या दाढीवर सोडलं, पलीकडचा टायरवाला हात पुसत आला. एकेकाने एकेक रोटी उचलली, चुंबली आणि जवळात जवळची उंच जागा पाहून ठेवली. ती जागा म्हणजे बेंच्या गाडीचं टप होतं. बेंनी पुरावा खाली ठेवण्याचा हुकूम दिला. कोणी हललं नाही. त्यांनी वग्दींकडे पाहिलं, तर वग्दी स्वतःच एक रोटी कपाळाला लावून उभे होते. शेवटची रोटी घरंगळत बेंच्या सपातेशी आली. बेंनी इकडेतिकडे पाहिलं. मग हात आपोआप खाली गेला, रोटी ओठांशी आली, आणि तिथून ती कपाळाकडे जायच्या ऐवजी जरा रेंगाळली. ती गरम होती, अकरा वाजले होते, आणि मंगळवारपासून त्यांनीही चपलेचे तळच खाल्ले होते. हाज्जा इन्साफने निमूटपणे उसळीची वाटी पुढे केली.

बेंनी चार रोट्या खाल्ल्या. सगळी गल्ली त्यांच्या अंगठ्याकडे पाहत होती. अंगठा होता तेवढाच राहिला. वग्दींनी दोनदा पट्टी लावून खात्री केली आणि लाख खिशात घातली.

दुपारी चौथं परिपत्रक निघालं. सक्षम अधिकाऱ्याच्या शरीरावर चाचणी घेतली असता रोटी निर्दोष आढळली असून संशयाची सुई आता पिठातल्या पाण्याकडे वळते, तरी रविवारपासून विभागातील नळांची तपासणी होईल. आजार रेड्याला आणि औषध पखालीला, असं म्हणतात. इथे पखाल सुटली आणि आतलं पाणी पकडलं गेलं. हाज्जा इन्साफने शिहाताला विचारलं, "त्या आठ कबुतरांना कोणी काही विचारलं का रे?"

"त्यांना कसं विचारणार, हाज्जा? ती आवडती होती."

शिहाता हसला आणि पुढची चकती भट्टीत सोडली. ती फुगली.

तुम्हीही हसला असाल. हसा. फक्त मोबाइलवर पाहून तुम्ही पोळी सोडलीत, त्या दिवशी ताटात आणखी काय काय होतं आणि त्यातलं काय तिथेच राहिलं, ते जरा आठवून पाहा. आणि वाचता वाचता हात घोट्याकडे गेलाच असेल, तर घड्याळही बघा. सकाळचा घोटा धरत नाहीत.