उयांगाचा एकांत

उयांगाला सूर्य मावळेपर्यंत गप्प बसायचं होतं. बस्स, एवढंच काम. आंतरराष्ट्रीय कलाशिबिरात तिची कलाकृती म्हणजे ती स्वतःच: मंगोलियाच्या उघड्या माळावर एकटं गेर, म्हणजे लोकरीचा गोल तंबू, आत एकटी बाई, तोंडातून शब्द नाही. नाव ‘एकांत’. संध्याकाळी परीक्षक उर्सुलाबाई येणार आणि सगळ्यांतून एकालाच बर्लिनला नेणार. उयांगाला बर्लिन हवंच होतं. शहरात तिच्या कलेला कुत्रं विचारत नव्हतं.

पण बाई वाढलेली राजधानीत, उलानबातरच्या चौथ्या मजल्यावर. नव्या बिऱ्हाडाला शेजाऱ्यांनी गरम चहा न्यायचा, ही माळाची रीत तिच्या डोक्यातच आली नाही.

सकाळीच शेजारची देजिदआजी घोड्यावरून किटली सांभाळत हजर.

"धुराड्यातून धूर नाही, म्हटलं पोरगी उपाशी असेल. मालक कुठाय गं?"

उयांगा गप्प.

"मुकी आहेस होय?"

मान हलवावी असं उयांगाला फार वाटलं. पण मान हलवणं म्हणजेही बोलणंच, असं तिनंच शिबिराच्या पत्रकात छापलं होतं. कलावंतांना असली अक्कल नको तिथं सुचते.

आजीचे डोळे भरले. "मुकी, एकटी, आणि घरात शेणाची गोवरीसुद्धा नाही! माळावर काय माणसं मेली का?"

माणसं मेली नव्हती. दुपारपर्यंत ती सगळी आली. कुणी गोवऱ्यांचं पोतं आणलं, कुणी वाळवलेला चक्का, कुणी जिवंत मेंढरू. चूल पेटली, मटण शिजलं, कोपऱ्यात मेंढीच्या हाडांचे फासे टाकून डाव रंगला. गर्दीत मधोमध ‘एकांत’ घाम पुसत बसला होता.

मग देजिदआजीनं ल्हामसुरेनबाईंना आणलं, आणि त्यांच्यामागून त्यांचा चाळिशीतला मुलगा दमदिन. उंटांचा मोठा कळप, बायको नाही.

"गप्प आहे, म्हणजे होकारच," ल्हामसुरेनबाई म्हणाल्या. "आणि मुकी असली म्हणून काय झालं? आमच्या घरात बोलायला मी आहे."

दमदिननं उयांगाकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणी शांतता दाखवावी तसं पाहिलं.

उयांगानं दात आवळले. सूर्य टेकडीला टेकला होता. थोडाच वेळ, मग बर्लिन!

तेवढ्यात उर्सुलाबाई आल्या. दारातून आत शिरायलाच जागा नव्हती, पण पाहुणी म्हटल्यावर लोकांनी त्यांना उचलल्यासारखं मानाच्या जागी बसवलं आणि हातात चहाचा वाडगा दिला. बाईंनी घोट घेतला, तोंड वाकडं केलं. बिचाऱ्यांकडे साखर नसेल, असं वाटून त्यांनी पर्स उघडली, विमानातल्या पुड्या काढल्या आणि प्रेमानं चुलीवरच्या अख्ख्या पातेल्यात ओतायला लागल्या.

"अगं भवाने, मिठाच्या चहात साखर? सगळ्यांचा चहा नासवलास की!"

उयांगानं स्वतःच्या तोंडावर हात ठेवला. उशीर झाला होता.

"बोलली!" देजिदआजी ओरडली. "पोर बोलली! आणि काय खणखणीत!"

ल्हामसुरेनबाई उठल्या. "एका घरात दोन तोंडं नकोत. चल रे दमदिन."

दमदिन दारापर्यंत गेला आणि मागे वळला. "सकाळपर्यंत तरी गप्प राहायचंत," तो एवढंच म्हणाला. बिचारा!

उर्सुलाबाईंनी कागदावर काट मारली. बर्लिनला एक गृहस्थ गेले. ते आठवडाभर एका दगडाशी बोलत होते.

बर्लिन हुकलं म्हणत उयांगा रडली तेव्हा आजीनं नवं पातेलं चढवलं, मूठभर मीठ टाकलं आणि वाडगा तिच्या हातात कोंबला.

"रडतेस कशाला? वाचलीस. त्या बाईच्या देशात रोज साखरेचा चहा प्यावा लागला असता."