बाबागाडीत बसायचं कुणी?

एका जंगलात रस्ता नव्हता, पण गाड्यांचं दुकान होतं. असं कसं, हे मला विचारू नका, बाळांनो. रस्ता राजाने करायचा असतो आणि राजा जेवून झोपलेला असतो. दुकान काय, कुणीही काढतं.

त्या जंगलात केसरबाई नावाची एक अस्वलीण राहायची. तिला दोन पोरं. थोरला झुंबऱ्या आणि अंगावर पिणारी चिमी. आता अस्वलांची रीत तुम्हाला ठाऊक नसेल, म्हणून सांगतो. अस्वलीण पोरांना पाठीवर घेऊन हिंडते. पोरं आईच्या केसांना धरून बसतात आणि मजेत जग बघतात. आईला काय दिसतं? खालची माती.

एक पोर होतं तोवर निभलं. चिमी झाल्यावर झुंबऱ्याने खाली उतरून चालायचं, असं घरात ठरलं. ठरवताना झुंबऱ्याला कुणी विचारलं नव्हतं. चिमी पाठीवर चढली त्याच दिवशी त्याचे पाय दुखायला लागले. मग पोट दुखायला लागलं. मग तोही चढला. वर दोघांची जुंपली. हा तिला ढकलणार, ती त्याचा कान चावणार, आणि उपटले जाणार ते केसरबाईचे केस.

आणि अशात मोहाचा हंगाम आला.

टेकडीपलीकडे उतार होता आणि उताराच्या तळाशी मोहाचं जुनं झाड होतं. चैत्रात त्याखाली फुलांचा सडा पडतो. माणसाला दिवाळी, तसा अस्वलाला मोह. पण फुलं सगळ्यांचीच असतात, म्हणजे जो आधी पोचेल त्याची असतात. गेल्या साली केसरबाई पोराला पाठीवर घेऊन धापा टाकत पोचली, तेव्हा रानडुकरं तोंड पुसत परत निघाली होती. तिने जमीन हुंगली आणि घरी आली. यंदा दोन पोरं, दुप्पट धापा. यंदाही मोह चुकला, तर चिमीला पाजायला अंगात काही उरणार नाही, हे तिला कळत होतं. घरात बाकी कुणाला कळत नव्हतं, कारण बाकी कुणी पाजत नव्हतं.

म्हणून तिने नवऱ्याला सांगितलं की आपण बाबागाडी आणू या. डबल. दोन पोरांची.

तिच्या मनात काय होतं, ते सांगतो. केसरबाई जंगलच्या शाळेत थोडीफार शिकली होती, आणि थोडं शिकलेला प्राणी शब्द फोडून बघतो. बैलगाडी बैल ओढतो. घोडागाडी घोडा ओढतो. म्हणजे बाबागाडी कुणी ओढायची? ती गालातल्या गालात हसली आणि गप्प बसली.

तिचा नवरा भालेराव. अंगाने दांडगा, कामाने बेताचा, पण माहितीला पक्का. गाडी म्हटल्यावर तो पहिल्यांदाच पोरांच्या बाबतीत उठून बसला. त्याने सगळ्या जंगलाला विचारायला सुरुवात केली, आणि जंगलाला कुणी विचारायचाच अवकाश असतो.

हरणी म्हणाली की आमच्याकडे गाडीची वेळच येत नाही हो, आमचं पिल्लू जन्मल्या जन्मल्या पळतं. तुमचं अजून बसतंय का? सशीण म्हणाली की दोन पोरांना गाडी लागते, हे ऐकून गंमत वाटली, आणि ती आपली पोरं मोजायला गेली. वटवाघळीण म्हणाली की पोराला उलटं टांगा, डोक्याला रक्त जातं, हुशार होतं. घुबडाने अख्खी दुपार डोळे मिटून विचार केला आणि सांगितलं की गाडी घेताना चाकं बघून घ्यावी.

भालेराव हे सगळं ऐकून घरी यायचा आणि केसरबाईला समजावून सांगायचा. ती पोरं पाठीवर घेऊन वारुळं खणत असायची. तो सावलीत असायचा.

शेवटी मंडळी दुकानात गेली. दुकान मुंगसेशेठचं. मुंगूस एका जागी उभं राहत नाही, त्यामुळे कुठलीही गोष्ट विचारली की उत्तर दुसरीकडूनच यायचं. त्याच्याकडे दोन तऱ्हेच्या डबल गाड्या होत्या. एकीत पोरं शेजारी-शेजारी बसतात. दुसरीत एक पुढे, एक मागे.

शेजारी-शेजारीची गाडी रुंद होती. घरासमोरच्या दोन सागांमधून ती जायची नाही. मुंगसेशेठ म्हणाला, साग हलवून घ्या. मागे-पुढेची गाडी सागांमधून गेली असती, पण मागच्या पोराला सगळा प्रवास पुढच्याचं डोकं बघावं लागणार होतं. मुंगसेशेठ म्हणाला, त्यानं भावाबहिणींत प्रेम वाढतं.

केसरबाईने एवढंच विचारलं की ही गाडी किती टिकेल.

"जन्मभर, ताई," मुंगसेशेठ म्हणाला. "पोरं मात्र पुढच्या पावसाळ्यात त्यात मावायची नाहीत. त्याला आमचा इलाज नाही."

भालेराव मात्र तासभर गाडीभोवती फिरत होता. त्याने चाकं फिरवली, छत उघडलं, छत मिटलं, छत पुन्हा उघडलं. शेवटी त्याला दांड्याजवळ मधाचं मडकं ठेवायला केलेला खळगा दिसला. झालं. मागे-पुढेची गाडी ठरली. पोरं बसवून बघायचं राहिलंच, पण मडकं बसवून बघितलं.

गाडी घरी आली. चाकांखाली लिंबं ठेवली. जास्वंदीची माळ घातली. भालेरावाने नारळ फोडला आणि खोबरं खाल्लं. मोहाला निघायची वेळ झाली होती. केसरबाई पोरांना खाली ठेवून बाजूला उभी राहिली आणि नवऱ्याकडे बघत राहिली.

भालेरावही तिच्याकडे बघत राहिला.

"चला," केसरबाई म्हणाली. "धरा दांडा."

"मी?" भालेराव म्हणाला. "मी कशाला?"

मग तिने आपला हिशोब मांडला. बैलगाडी, बैल. घोडागाडी, घोडा. भालेरावाने तो शांतपणे ऐकला आणि हसला. शिकलेला नवरा बायकोला समजावताना हसतो, तसा. त्याने विचारलं, मालगाडी माल ओढतो का? मालगाडीत माल बसतो. तसा बाबागाडीत बाबा बसतो. बाबा म्हणजे तान्हं पोर, आणि ओढणारा तो वेगळा. ओढणाऱ्याचं नाव गाडीला देत नाहीत, असं म्हणून त्याने मडकं खळग्यात ठेवलं.

केसरबाईने दांडा धरला. तेवढ्यात आतून सासूबाई बाहेर आल्या.

सासूबाईंचं नाव मधूआक्का. नाव गोड होतं. त्यांच्या मागोमाग तानूवन्सं आल्या. वन्सं म्हणजे केसरबाईची नणंद. त्या मागच्या पावसाळ्यात चार दिवस माहेरपणाला आल्या होत्या. तुम्ही शहाणी मुलं आहात, मोजू नका.

सासूबाईंनी गाडी बघितली आणि विचारलं की पुढे कोण बसणार. केसरबाई म्हणाली, कुणीही बसेल. हे वाक्य घरात कधी बोलू नये. सासूबाई म्हणाल्या की पुढची जागा मानाची, थोरला पुढे. वन्सं म्हणाल्या की धाकटी पुढे, कारण तिच्या बारशाला आत्याचा मान राहिला होता, तो इथे तरी व्हावा. सासूबाई म्हणाल्या की बारशाला तुला मधाचं अख्खं पोळं दिलं होतं. वन्सं म्हणाल्या की त्यातला मध आधीच कुणी तरी खाल्ला होता. झुंबऱ्या आणि चिमी एव्हाना गाडीखाली लिंबाने खेळत होते.

पुढची जागा खरोखर मानाची आहे का मागची, हे कळणार कसं? वन्सं म्हणाल्या की बसून बघितल्याशिवाय मान कळत नाही. हे दोघींना एकदम पटलं. एरवी दोघींना एकदम काही पटत नसे.

सासूबाई पुढे बसल्या. वन्सं मागे बसल्या. गाडी करकरली, पण मोडली नाही. मुंगसेशेठच्या मालाला नाव ठेवता येणार नाही.

वारा छान लागत होता. छताची सावली होती. मग सासूबाईंनी पाय पसरले.

"आई," भालेराव भीत भीत म्हणाला, "ती बाबागाडी आहे. पोरांची."

"पोराला बाबा कोण म्हणतं रे?" सासूबाई म्हणाल्या. "तान्ह्याला लाडानं म्हणतात. खरा बाबा म्हणजे वडीलधारं माणूस. चल गं केसर, ढकल. उन्हं चढतील."

भालेराव शब्दांचा पक्का, त्यामुळे त्याला हे पटलंच. त्याने मान डोलावली.

निघाली वरात. पोरं चालत येतील, असं सासूबाई म्हणाल्या होत्या. पोरं पहिल्या वारुळापर्यंत चालली. मग झुंबऱ्याचे पाय दुखायला लागले आणि तो आईच्या पाठीवर चढला. तो चढला म्हणून चिमी चढली. पाठीवर दोन, पुढे दोन, आणि वर टेकडी. भालेराव कामाला लागला होता. चढावर मध सांडू नये म्हणून त्याने मडकं खळग्यातून काढून स्वतःच्या हातात घेतलं होतं, आणि मागून सांगत होता की डावीकडे घे, दगड आहे. उजवीकडे घे, आता इकडेही दगड आहे.

वाटेत हरणी भेटली. तिने कौतुक केलं. म्हणाली, दोन्ही पोरं किती मोठी झाली.

टेकडी चढताना केसरबाईच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. सासूबाई म्हणत होत्या, पाय उचल. वन्सं म्हणत होत्या, वहिनी, जरा हळू, माझा मणका आहे. एक म्हणायची जोरात, एक म्हणायची हळू, आणि दोघींचं म्हणणं तिने ऐकावं अशी दोघींची अपेक्षा होती.

अखेर माथा आला. केसरबाईने खाली बघितलं. तळाशी मोहाचं झाड होतं. खाली फुलांचा सडा होता. आणि नाल्याकडून रानडुकरांचं अख्खं बिऱ्हाड झाडाकडे निघालं होतं. डुक्कर जेवायला निघालं की रेंगाळत नाही. या वरातीला उतार उतरायला जेवढा वेळ लागला असता, तेवढ्यात त्यांचं जेवण होऊन ढेकर आली असती.

केसरबाई थांबली. पाठीवरची चिमी भुकेने कुरकुरायला लागली होती.

"थांबलीस का?" सासूबाई म्हणाल्या. "आणि धरलंयस ना नीट?" हे त्यांनी मागे न बघता विचारलं. मानाच्या जागेवरून मागे बघायचं नसतं.

"तुम्ही काळजी करू नका, आई," केसरबाई म्हणाली.

आणि तिने आपले पंजे चाटून घेतले. दोन्ही.

गाडी पहिल्यांदा विचार केल्यासारखी हळू सरकली. मग तिचा विचार पक्का झाला. मुंगसेशेठने चाकांत काय वंगण घातलं होतं, कोण जाणे, पण असा वेग त्या जंगलात चित्त्यानेही बघितला नव्हता. पुढे सासूबाई देवाचं नाव घेत होत्या. मागे वन्सं सासूबाईंचं नाव घेत होत्या. छत उघडून पंखासारखं फडफडत होतं. भालेराव माथ्यावर मडकं घेऊन उभा होता आणि ब्रेकबद्दल काही तरी माहिती सांगत होता.

रानडुकरांनी मान वर केली. चार चाकांचं, दोन तोंडांचं, काळं, केसाळ काही तरी किंकाळ्या फोडत अंगावर येताना त्यांनी बघितलं आणि शेपट्या वर करून जी धूम ठोकली, ती थेट दुसऱ्या जंगलात. गाडी फुलांच्या ढिगात घुसली आणि थांबली.

केसरबाई पोरांना घेऊन सावकाश उतरली. घाई नव्हती. झाडाखाली बसली आणि आधी पोटभर खाल्लं. मग चिमीला पाजलं. मग पुन्हा खाल्लं. मग तिला आठवण झाली की आता वर बघावं लागेल.

सासूबाई ढिगातून उठल्या होत्या. डोक्यात फुलं, तोंडात फुलं. केसरबाईने डोळे मिटून घेतले. आता आपला निकाल लागणार, हे तिला कळून चुकलं.

सासूबाईंनी तोंडातली फुलं गिळली. चारी बाजूंना बघितलं.

"आमच्या आधी कुणी पोचलं होतं का गं?"

"नाही, आई."

"तानू माझ्या मागूनच आली ना?"

"हो, आई. थोडी मागूनच."

"मग ठीक आहे," सासूबाई म्हणाल्या. "गाडी चांगली आहे. पुढच्या वर्षीही अशीच ने."

ही बातमी जंगलभर झाली. मधूआक्का मोहाला पहिल्या पोचल्या, त्याही पुढच्या जागेवर बसून, हे ऐकून जंगलातल्या एकूण एक सासूला आपला अपमान झाल्यासारखं वाटलं. मुंगसेशेठचं दुकान रिकामं झालं. हरणीच्या सासूलाही गाडी हवी झाली. हरणीने ती हसत हसत आणली.

आता दर चैत्रात त्या टेकडीवर गाड्यांची रांग लागते. गाडीत सासवा, पाठीवर पोरं. सुना कुरकुर न करता, गाणी म्हणत, माथ्यापर्यंत ढकलत नेतात. सासूची एवढी सेवा कुठल्याच जंगलात होत नाही, असं घुबड सगळ्यांना सांगतं.

तात्पर्य : वडीलधाऱ्यांना नेहमी मानाने पुढे बसवावं. ढकलून द्यायला सोपं जातं.