हटवारांनी नोंदलेली गल्ली

आमचे शेजारी हटवारकाका भिलाईत शेअर ऑटोत बसतात ते कुठे जायला नव्हे. रुआबांध्याला चढायचं, सिविक सेंटरला उतरायचं, रस्ता ओलांडून उलट्या ऑटोत बसायचं आणि घरी यायचं. हातात छोटी वही. ऑटो थांबला की एक नोंद. सुरुवातीला ऑटोवाल्यांना वाटलं, हा माणूस आरटीओचा. ते त्यांना पुढची सीट द्यायचे आणि गाडी नवरीच्या वरातीसारखी हळू चालवायचे.

काका कारखान्यात क्रेन चालवून निवृत्त झालेले. मुलीनं नवा फोन घेऊन दिला आणि त्यात त्यांना तो मोकळा नकाशा सापडला. हा नकाशा कुणा एकाच्या मालकीचा नाही. कोणीही आपल्या गावाची माहिती त्यात भरावी, कोणीही ती फुकट वापरावी. काकांनी भिलाई उघडून पाहिली. मोठे रस्ते होते, तलाव होते, पण ऑटो कुठं थांबतो याचा पत्ता नव्हता.

"आपून रोज जिथं उभे राहतो, ते नकाशाले मालूमच नाही," ते मला म्हणाले. एखाद्या नातेवाइकानं ओळख विसरावी तसं त्यांना लागलं होतं.

तेव्हापासून आमच्या गल्लीचं सुख गेलं. आमचं फाटक आत उघडतं की बाहेर, हे विचारायला ते सकाळी सहाला आले. माझ्या पाहुण्यांना मी फोनवर "जवळच आहे" म्हणाले, तर कुंपणापलीकडून आवाज आला, "जवळच म्हणजे किती पावलं, बाई? अंदाजानं क्रेन चालत नाही."

एका थांब्यानं तर त्यांना आठवडाभर छळलं. तिथं सगळे 'नीम के पास' म्हणून उतरतात, आणि कडुलिंब केव्हाच तोडलेला. नसलेलं झाड नकाशात कसं घालायचं? काकांनी आठ प्रवाशांना विचारलं. आठही जण 'नीम'च म्हणाले. एका म्हाताऱ्या भाजीवालीनं तर, नीम दिसत नाही का, म्हणून त्यांनाच झापलं. शेवटी थांब्याचं नाव 'नीम के पास' असं लागलं. झाड मात्र दाखवलं नाही. काका खोटं लिहीत नाहीत.

मग एक दिवस शेजारच्या दुर्गहून एक तरुण इंजिनीयर मुलगी त्यांना शोधत आली. शहरात बस कुठून न्यायची, थांबे कुठं करायचे याचा आराखडा तिचं ऑफिस करत होतं, आणि त्यांना हवं ते बरंचसं या नकाशात आयतं मिळालं होतं. भरणारा कोणी कॉलेजचा पोरगा असेल असं तिला वाटलेलं. नुसत्या बनियनवर तूर निवडत बसलेले काका पाहून ती जरा गडबडली. तिनं लॅपटॉपवर सगळं दाखवलं, कौतुक केलं, आणि मग दुर्गच्या एका गल्लीवर बोट ठेवलं. बाकी शहरात नुसते थांबे होते. इथं मात्र प्रत्येक पायरी, नालीवरची फरशी, विजेचा खांब, उतार, सगळं भरतकाम केल्यासारखं. इथं काय आहे, तिनं विचारलं.

"काही नाही," काका म्हणाले. "रिकामा होतो त्या दिवशी."

ते एका दिवसाचं काम नव्हतं, हे मलाही कळत होतं. मुलगी गेल्यावर कुसुमकाकूंनी मला आत बोलावून सांगितलं. त्या गल्लीत काकांचे थोरले भाऊ राहतात. काकांच्या मुलीच्या लग्नात व्याहीभेटीला थोरल्याचं नाव सगळ्यांच्या मागून पुकारलं गेलं, ते पंगतीतून उठून गेले, आणि तेव्हापासून दोघं बोलत नाहीत. पुढं साखरेनं थोरल्याची नजर गेली. आता त्यांच्या फोनात पुढचा रस्ता बोलून सांगणारं काहीतरी आहे, आणि ते याच नकाशावर चालतं. हे काकांना कळलं तेव्हापासून ते दर मंगळवारी दुर्गला जातात, गल्ली तपासतात, दाराशी न जाता परत येतात.

मी शिकवते ती शाळा दुर्गला. पुढच्या मंगळवारी ऑटोत काका माझ्या शेजारी, कडेला बसलेले. शाळेच्या अलीकडं त्या गल्लीच्या तोंडाशी ऑटो थांबला. पांढरी काठी घेतलेले एक गृहस्थ उभे होते. तेच नाक, तेच कान. काका आक्रसून बसले आणि त्यांनी श्वाससुद्धा दाबून धरला. गृहस्थांनी दांडा चाचपला, एक पाय आत ठेवला, आणि ड्रायव्हरनं क्लच सोडला.

"रुक, रुक," काका ओरडले. "पाय वर नाही आला त्याचा."

ऑटो थांबला. थोरले तसेच, एक पाय आत, एक रस्त्यावर. मी मनात म्हटलं, आता हे आतला पाय काढून घेतात.

"नामा," आवाजाकडं तोंड करून थोरले म्हणाले, "सरक थोडा."

काका इतके सरकले की मी दुसऱ्या बाजूनं बाहेर पडायची राहिले. थोरले बसले. काठी गुडघ्यांत धरली. माझी शाळा आली तरी मी उतरले नाही, हे कबूल करते.

"कुसुमचे गुडघे कसे हायेत?" थोरल्यांनी विचारलं.

"दुखूनच राहिले."

"माह्या घरी काहून आणत नाही तिले?"

काकांनी मान हलवली. मग दादाला ती दिसत नाही हे त्यांच्या ध्यानात आलं, आणि ते मोठ्यानं म्हणाले, "आणतो."