हिंमतआप्पांचं इटालियन

सकाळी आमच्या लिंबायतच्या गल्लीत कुणी "पार्-ला-नो!" असं खणखणीत ओरडलं, तर समजायचं, शेजारचे हिंमतआप्पा क्रियापदं घोकताहेत. तीही इटालियन! जळगावकडचा माणूस, उभा जन्म इथं सुरतेत लूमवर, यंत्रमागावर, गेला, आणि सत्तरीत हे खूळ.

पद्धत त्यांची स्वतःची. शब्दाचे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्याला मांडीवर एक थाप, आणि जोर असेल त्या तुकड्याला सणसणीत थाप. एकदा भाजीच्या लारीपाशी मला पकडून म्हणाले, "पार्-लिया-मो, आपन बोलतस, जोर मधमा. पार्-ला-नो, त्या बोलतस, जोर पहिलेच!" भाजीवाला वजन करायचा थांबला.

"आप्पा, पण इटालियनच का?"

"इंग्रजी चुकनू तर तुम्ही सुधारतस. हाई चुकनं तर कोनले समजस?"

मला त्यांचा रागच यायचा. वर्षापूर्वी त्यांच्या बायकोला, जिजींना, अर्धांगाचा झटका आला. हात सुधारला, पण वाचा गेली. डॉक्टरांनी बजावलं होतं, एकेक तुकडा करून रोज बोला, तरच बोलणं परत येईल. जिजी मात्र तोंड उघडायलाच तयार नव्हत्या. बायको मुकी बसलेली आणि नवरा इटलीत! "काळीज नाही या माणसाला," असं मी घरात बोलूनही दाखवलं.

शेवटी एका दुपारी कळण्याच्या, ज्वारी-उडदाच्या, भाकरी द्यायच्या निमित्तानं गेले. खरं तर चार शब्द सुनवायलाच. दार उघडं होतं. दोघं समोरासमोर बसलेले. मोबाइलमधली बाई म्हणाली, "आबितानो." म्हणजे ते राहतात. आप्पांनी "आ-बि-ता-नो" म्हणत भलत्याच तुकड्यावर थाप मारली. मग दुसऱ्या भलत्याच. घाम फुटला होता बिचाऱ्यांना. जिजींनी त्यांचा हात धरून पहिल्या तुकड्याला मांडीवर आपटला आणि खुदकन हसल्या.

मग जिजींची पाळी. "पा…" थाप. "पा…" पुन्हा थाप. 'पानी'तला 'नी' काही येईना. आप्पांची मदत नाही, घाई नाही.

मला पाहून ते उंबऱ्यापाशी आले. हळूच म्हणाले, "तिले लाज वाटे, ताई. घरमा एकलीच चुकस म्हनीसन तोंडच उघाडे ना. मंग मीबी चुकाले बसनू."

या माणसाबद्दल मी काय काय बोलले होते, आठवून शरम वाटली. ताटली त्यांच्या हातात कोंबून मी वळणार, तोच आतून थाप ऐकू आली. जिजी शेजारच्या खुर्चीवर हात आपटत होत्या, माझ्याकडे बघत.

"ब…" ओठ थरथरले. आप्पा जागच्या जागी थांबले. "ब… ठ."

मी बसले.