घर क्रमांक सातची आपुलकी

पोर्ट कॉर्डेल या बंदरात दोरखंड गल्ली नावाची एक गल्ली असून तिच्यात एकोणीस घरं आहेत. गल्लीचा कायदा एकच, आणि तो कुठेही लिहिलेला नाही. जो चालत येतो त्याने आधी 'गुड मॉर्निंग' म्हणायचं. जो बसलेला आहे त्याने उत्तर द्यायचं. दुपारी बारानंतर शब्द बदलतात, कायदा बदलत नाही. जो हे न म्हणता पुढे येतो तो आम्हाला दिसत नाही. तो समोर उभा राहून हात हलवील, पत्ता विचारील, त्याच्या टोपीने पेट घेतलेला असेल, तरी दिसत नाही. यात आमचा काही आडमुठेपणा नाही. आमच्या आयांनी आम्हाला असंच वाढवलंय.

मी कथबर्ट. माझं शिंप्याचं दुकान आहे, आणि बरोबर समोर घर क्रमांक सात, मिस युलालींचं; आमच्याकडे वयाने मोठ्या बाईला मानाने 'मिस'च म्हणतात. वय चौऱ्याऐंशी, राहायला एकट्या, मुलगा टोरोंटोला, आणि नाकावर माशी बसू देत नाहीत. रोज सकाळी साडेसहाला मी दुकानाच्या फळ्या उघडतो आणि म्हणतो, "गुड मॉर्निंग, मिस युलाली." झडपांच्या आडून उत्तर येतं, "मॉर्निंग, कथबर्ट. गुडघा काय म्हणतोय?" हा गुडघा मी वीस वर्षांपूर्वी सायकलवरून पडलो तेव्हाचा. तो केव्हाच बरा झाला, चौकशी मात्र चालू आहे. उत्तर आलं की म्हातारी ठीक आहे एवढं मला कळतं आणि मी मशीनवर बसतो. हे आम्ही दोघांनी एकमेकांना कधी बोलून दाखवलेलं नाही.

मंगळवारी आणि गुरुवारी जहाज येतं. तीन हजार शंभर प्रवासी, सहा तास, प्रत्येकाच्या हातात घडीचा नकाशा. नकाशावर आमचं वर्णन 'पायी हिंडण्याजोगं रंगीबेरंगी बंदर' असं केलेलं आहे. ते खोटं नाही, कारण रंग मंडळच ठरवतं आणि मंडळच फासतं. 'बंदर आगत-स्वागत व आपुलकी मंडळ' असं त्याचं पूर्ण नाव. माझं दुकान गेल्या वर्षी पिवळं होतं, यंदा डाळिंबी आहे. मला विचारायची पद्धत नाही. नकाशा मात्र दर वर्षी जुनाच छापतात. त्यात आमच्या गल्लीत एक निळं घर दाखवलेलं आहे. ते घर म्हणजे क्रमांक सात, आणि ते तीन वर्षांपासून शेंदरी आहे.

तेव्हा तीन हजार शंभर माणसं निळं घर शोधत शेंदरी घरासमोर येऊन उभी राहत. मिस युलाली व्हरांड्यात तुरीच्या शेंगा सोलत बसलेल्या असत. "निळं घर कुठंय?" असं कुणीतरी थेट विचारी. गुड मॉर्निंग नाही, काही नाही. मिस युलाली शेंगा सोलत राहत. तो मोठ्याने विचारी. त्या दाणे चाळून घेत. मग तो बायकोला सांगे की बिचारीला ऐकू येत नसावं, आणि फोटो काढून पुढे जाई.

या प्रकाराचा व्हायचा तोच परिणाम झाला. जहाजावर परतल्यावर प्रवाशांना एक अभिप्राय-अर्ज भरावा लागतो. हंगामाअखेर जहाज कंपनीने मंडळाला कळवलं की पोर्ट कॉर्डेलबद्दलच्या अर्जांचा सारांश पुढीलप्रमाणे आहे: रंग उत्तम, माणसं बहिरी. सुधारणा न झाल्यास जहाज पलीकडच्या बेटावर नेण्याचा विचार करावा लागेल.

मंडळाचे संचालक मिस्टर एव्हरार्ड पिंडर यांनी चर्चच्या सभागृहात गल्लीची बैठक बोलावली. पिंडर मूळचे इथलेच, पण तीन महिन्यांचा आदरातिथ्याचा कोर्स परदेशात करून आल्यापासून ते दिवसभर हसतात आणि त्यामुळे त्यांना राग आलाय की नाही हे ओळखता येत नाही. प्रवाशांकडे फक्त सहा तास असतात आणि आपल्याकडे सबंध आयुष्य पडलेलं असतं, तेव्हा वेळेच्या न्याय्य वाटपाच्या दृष्टीने यापुढे बसलेल्या पक्षाने आधी गुड मॉर्निंग म्हणावं, असा मंडळाचा ठराव त्यांनी वाचून दाखवला.

सभागृहात चुळबुळ झाली. मिस युलाली उभ्या राहिल्या.

"माझ्या दारात जो आला त्याने आधी बोलायचं," त्या म्हणाल्या. "माझ्या आईने गव्हर्नरसाहेबालासुद्धा फाटकाबाहेर उभं केलं होतं, तो बोलेपर्यंत."

"बाई, गव्हर्नरसाहेब अभिप्राय-अर्ज भरत नव्हते," पिंडर हसून म्हणाले.

ठराव एक विरुद्ध अठरा मतांनी मंजूर झाला. अठरांमध्ये मीही होतो. जहाजावरच्या लोकांच्या पँटी फाटतात, बटणं तुटतात, आणि माझं पोट त्यावर चालतं. मी हात वर केला तेव्हा मिस युलाली माझ्याकडे बघत होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी गुडघ्याची चौकशी केली, पण आवाजात पूर्वीची आस्था नव्हती.

पहिल्याच मंगळवारी हिशेब समजला. प्रत्येक घराने प्रत्येक प्रवाशाला म्हणायचं म्हणजे दर सात सेकंदांना एक गुड मॉर्निंग, तेही सहा तास. पहिला तासभर गल्ली किल्ला लढवत होती. अकराला बेकरीवाल्याचा आवाज बसला. बारा वाजता सगळ्यांना गुड आफ्टरनून म्हणायचं आठवेना. दुपारपर्यंत औषधाच्या दुकानातल्या घशाच्या गोळ्या संपल्या, आणि आम्ही अठराजण आपापल्या दारात नुसते ओठ हलवत उभे राहिलो. अर्जांमध्ये शेरा आला: माणसं आता मुकी.

मंडळाने अभ्यास केला. त्यात असं आढळून आलं की नागरिक आपला बराचसा आवाज एकमेकांवर खर्च करतात. ही शुद्ध उधळपट्टी होती. सबब जहाजाच्या दिवशी रहिवाशांनी आपापसात गुड मॉर्निंग म्हणण्यास मनाई करण्यात आली, आणि देखरेखीला आपुलकी निरीक्षक नेमण्यात आली. ती माझी सख्खी भाची, हायसिंथ.

गुरुवारी मी सवयीने फळी उघडली आणि सवयीने समोर बघून बोलून गेलो. हायसिंथ खांबाआडून पुढे आली आणि तिने पावती-पुस्तक काढलं.

"अगं हायसिंथ, मी तुझा मामा."

"ड्यूटीवर मामा नसतो," ती म्हणाली. "अनधिकृत आपुलकी. पहिली वेळ आहे म्हणून ताकीद देते. दुसऱ्यांदा झालं तर दुकानावरचा रंग उतरवतील, मग तुम्ही नकाशाबाहेर. आणि रात्री जेवायला येताय ना? आईने खाऱ्या माशाचं केलंय."

नकाशाबाहेर गेलेलं दुकान म्हणजे बंद झालेलं दुकान. मी तोंडाला कुलूप लावलं. जहाजाच्या दिवशी आता मी फळी उघडून नुसता हात वर करायचो. झडपांच्या आडून हात दिसतो की नाही, कुणास ठाऊक.

इकडे घर क्रमांक सात काही केल्या आधी बोलेना. मिस युलालींना तीन नोटिसा गेल्या. त्यांनी तिन्ही शेंगांच्या टोपलीखाली अंथरल्या. गल्लीची अभिप्रायांतली सरासरी त्यांच्यामुळे खाली येत होती आणि शेजारी कुजबुजायला लागले होते की एका म्हातारीपायी जहाज जाणार. शेवटी मंडळाने तांत्रिक उपाय योजला. एका बुधवारी सकाळी हायसिंथ साध्या कपड्यांत घर क्रमांक सातसमोर गेली आणि अगदी रीतसर म्हणाली, "गुड मॉर्निंग, मिस युलाली." मिस युलालींना पोरीचं कौतुक वाटलं. त्या मायेने म्हणाल्या, "गुड मॉर्निंग, बाळा. झोप झाली का?" हायसिंथच्या पर्समध्ये आवाज टिपणारं यंत्र चालू होतं.

संध्याकाळपर्यंत व्हरांड्याच्या खांबावर एक डबा बसला. समोर काहीही हललं की तो बोलायचा: "गुड मॉर्निंग, बाळा. झोप झाली का?" माणूस असो, कुत्रं असो, नीरफणसाची गाडी असो. मिस युलालींनी त्यावर टोपली फेकली. डबा टोपलीलाही गुड मॉर्निंग म्हणाला. त्या दिवसापासून त्यांनी व्हरांड्यात बसणं सोडलं आणि मागच्या स्वयंपाकघरात मुक्काम हलवला.

डब्याला प्रवाशांनी डोक्यावर घेतलं. ते डब्याशी बोलायचे. ज्यांनी आजवर हाडामांसाच्या माणसाला गुड मॉर्निंग घातलं नव्हतं ते डब्यासमोर टोपी काढून 'हो हो, छान झोप झाली' असं सांगायचे. घर क्रमांक सात सबंध बेटावर पहिलं आलं. पिंडर स्वतः येऊन दारावर पितळी पाटी ठोकून गेले.

त्यानंतरच्या मंगळवारी साडेसहाला मी फळी उघडली. गल्ली अरुंद, त्यामुळे फळी हलली की डबा बोलतोच. "गुड मॉर्निंग, बाळा. झोप झाली का?" आवाज आला, म्हातारी ठीक आहे, असं मनाने आपोआप धरलं, आणि मी मशीनवर बसलो. दिवस गर्दीचा गेला. डबा अखंड चालू होता. मला त्या आवाजाचा आधारच वाटत होता म्हणा ना.

चार वाजता जहाजाने भोंगा दिला. गल्ली रिकामी झाली, डबा थांबला. त्या शांततेत मी कात्री खाली ठेवली आणि उगाचच गुडघ्यावर हात ठेवला. दिवसभरात गुडघ्याचं कुणीच विचारलं नव्हतं. आणि मिस युलालींनी मला आयुष्यात कधी बाळ म्हटलेलं नाही.

मी धावत समोर गेलो. दार सताड उघडं होतं. तरी उंबऱ्याशी माझे पाय थांबले, काय करणार, वळणच तसं. "गुड आफ्टरनून, मिस युलाली," मी ओरडलो.

"आफ्टरनून, कथबर्ट," स्वयंपाकघरातून क्षीण आवाज आला. "गुडघा काय म्हणतोय?"

त्या जमिनीवर पडलेल्या होत्या. पहाटे फळीवरचा कोकोचा डबा काढताना तोल गेला होता आणि कमरेचं हाड मोडलं होतं. दहा तास झाले होते. मी पाणी पाजलं, उशी दिली, आणि मग मला राग आवरेना. मी म्हटलं, हाक का मारली नाहीत, मी वीस पावलांवर होतो.

"मारली की. दोनदा. दोन्ही वेळा बाहेरून माझाच आवाज मला विचारत होता, झोप झाली का."

"अहो, पण तीन हजार माणसं गेली दारावरून. एकही आत आला नाही?"

"एक आला होता ना. थेट इथवर. लाल चड्डीवाला." त्यांनी श्वास घेतला. "निळं घर कुठंय म्हणाला. फोटो काढला आणि गेला."

"आणि तुम्ही त्याला सांगितलं नाहीत, की मी पडलेय?"

मिस युलालींनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू पडलेला मीच आहे.

"गुड मॉर्निंग म्हणाला नव्हता तो," त्या म्हणाल्या.

मंडळाने घटनेची तातडीने चौकशी केली. अहवालातला निष्कर्ष मला तोंडपाठ आहे. घर क्रमांक सातने रहिवासी कार्यरत नसतानाही सलग आपुलकी पुरवली, सेवेत एक मिनिटाचाही खंड पडला नाही, आणि त्या दिवशीचे सर्व अभिप्राय समाधानकारक आले. एका प्रवाशाने 'थंडगार फरशीवर विसावलेली स्थानिक वृद्धा' या छायाचित्राचा खास उल्लेख केला होता. यावरून आपुलकीसाठी रहिवासी अत्यावश्यक नाही हे सिद्ध झालं. उरलेल्या अठरा घरांवरही डबे बसवण्यात आले. पिंडरना बढती मिळाली. ते अजून हसतात. माझ्या दुकानावरचा डबा माझ्याच आवाजात प्रवाशांना सांगतो की पँट फाटली असेल तर लाजू नका.

सात आठवड्यांनी मिस युलाली इस्पितळातून काठी टेकत घरी आल्या. गुरुवार होता. आपण बाहेरून येतोय, म्हणजे आधी आपण बोलायचं, या हिशेबाने त्या फाटकाशी थांबल्या. रिकाम्या घरालाही त्या गुड मॉर्निंग म्हणतात, हे मला तेव्हा कळलं. त्यांनी तोंड उघडलं, एवढ्यात खांबावरून आवाज आला, "गुड मॉर्निंग, बाळा. झोप झाली का?"

मिस युलालींनी काठी त्या डब्याकडे रोखली. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "कथबर्ट, माझ्या घरात ही कोण बया शिरलीय? हिला आईने वळण लावलेलं दिसत नाही." आणि त्या तशाच माघारी फिरून माझ्या दुकानात येऊन बसल्या.

तेव्हापासून जहाजाच्या दिवशी त्या माझ्या दुकानात, मशीनमागे, माझ्या डब्याची वायर काढून बसतात. हायसिंथला ते माहीत आहे. ती बघत नाही. मी सकाळी म्हणतो, त्या उत्तर देतात, गुडघ्याचं विचारतात, आणि मग काजं करायला घेतात. आजही गुरुवारच आहे. मघाशी त्यांनी मान वर न करता विचारलं, "कथबर्ट, मगापासून एवढं कुणाशी बोलतोयस?"

मी म्हटलं, आलंय कुणीतरी. सगळी गल्ली हिंडून बघितली, तुमचं घर बघितलं, पार स्वयंपाकघरात शिरून तुम्ही पडलेल्याही बघितल्या. आता दारातच उभं आहे.

"गुड मॉर्निंग म्हणालं का?"

मी तुमच्याकडे, मघापासून दारात ही गोष्ट ऐकत उभ्या असलेल्यांकडे, पाहिलं, जरा वाट पाहिली आणि म्हटलं, "नाही."

"मग तिथे कुणी नाहीये," मिस युलाली म्हणाल्या, आणि त्यांनी सुईत दोरा ओवला.