टर्बोले दम खाऊ द्या

आमच्या शेजारचे वसंतराव घरी येतात, पण घरात येत नाहीत. म्हणजे गाडी फाटकाशी येते, उभी राहते, आणि इंजिन चालू ठेवून वसंतराव आत समाधी लावल्यासारखे बसून राहतात. आमच्या गल्लीत नवीन आलेला माणूस हमखास विचारतो, "काका, दार अटकलं काय?" काका काचेआडून हात वर करतात. "टर्बोले दम खाऊ द्या!"

तहसीलीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुनी डिझेल गाडी घेतली. तिच्यात टर्बो होता. लांबून आल्यावर इंजिन लगेच बंद करू नका, एवढंच विकणाऱ्यानं सांगितलं होतं. वसंतरावांनी तो गुरुमंत्रच मानला.

"गुरुजी, आतमधी पंखा लालबुंद होऊन फिरून राह्यला. एकदम बंद केलं तं तेल जळते. धावत आलेल्या माणसाले तुम्ही लगेच झोपवता काय?"

मी म्हटलं, नाही. पण आपण तर कोपऱ्यावरून मेथी घेऊन आलोय.

दुसरबीडच्या लग्नात कहर झाला. आम्ही पोचलो तेव्हा शेवटचं मंगलाष्टक सुरू होतं. मी दार उघडायला गेलो. "गुरुजी, दम!" अक्षता वाटणाऱ्यानं त्या खिडकीतूनच हातावर ठेवल्या आणि आम्ही खिडकीतूनच टाकल्या. सगळ्या बँडवाल्याच्या टोपीवर पडल्या. जेवताना मात्र वसंतरावांनी अजिबात दम खाल्ला नाही.

गेल्या वर्षी त्यांची मुलगी माया सासर सोडून कायमची परत आली. इथं चिखलीतच एका शाळेत शिकवते. रोज संध्याकाळी वसंतराव तिला घेऊन येतात. त्याच सुमारास त्यांनी डिझेल गाडी विकून छोटी पेट्रोलची घेतली. दम मात्र कमी व्हायच्या ऐवजी वाढला. बापलेक दोघंही गाडीत बसून राहायला लागले.

परवा माझ्या भाच्यानं तशीच गाडी आणली. मी मोठ्या अधिकारानं म्हटलं, "टर्बोला दम खाऊ दे." तो हसतच सुटला. "मामा, या गाडीत टर्बो हायेच कुठं?"

आयतं कोलीत हातात आलं. सकाळीच वसंतरावांना गाठलं. ते गाडी पुसत होते. माझं ऐकून फडकं थांबलं, आणि त्यांनी आधी घराकडे पाहिलं.

"मले माहीत हाये, गुरुजी. पण पोरगी घरात तोंड उघडत नाही. काही बोलली का तिची माय रडते. इथं गाडीत, फाटकाशी आल्यावर, तेवढं बोलते. काल तं हसली. टर्बो नाही हे तिले सांगू नका. उतरून जाईन ती."

इतके दिवस या माणसाला हसलो, याचं वाईट वाटलं.

त्या संध्याकाळी दम खाऊन झाल्यावर वसंतराव पिशव्या घेऊन आत गेले. माया माझ्याजवळ थांबली.

"काका, तुमच्या भाच्यानं आमच्यासारखीच गाडी घेतली म्हने. मंग तुमाले समजलंच असन."

मी उगाच फाटकाची कडी लावायला लागलो.

"मले पह्यल्या दिवसापासून माहीत हाये. गाडी पसंत कराले मीच तं गेली होती." तिनं दाराकडे पाहून आवाज हळू केला. "पण बाबाले नका सांगू. ते मंग इंजिन बंद करतीन."