पाठीची गोळी आणि हृदयाचा प्रश्न

कपाट एकट्यानंच सरकवायचं, असं मी ठरवलं. बायको म्हणत होती, दादा येईपर्यंत थांबा. हा दादा, म्हणजे माझा मेहुणा, रोज व्यायामशाळेत जातो. न थांबायला मला तेवढं कारण पुरेसं होतं.

कपाट बोटभर सरकलं. मी मात्र वाकलो होतो तिथंच राहिलो. पाठीत अशी काही गाठ बसली, की डॉक्टरांकडे पोचेपर्यंत मी बायकोशी तिच्या चपलांकडे बघतच बोलत होतो. (लग्न झाल्यापासून इतका नम्र मी पहिल्यांदाच दिसलो, असं तिचं म्हणणं.)

डॉक्टरांनी पाठ दाबून पाहिली. स्नायू आखडलेत म्हणाले आणि ते सैल करणारी गोळी दिली. झोप येईल, गाडी चालवू नका, असंही बजावलं. घरी येऊन मी गोळी घेतली आणि आडवा झालो.

मग मेहुणा आला. त्यानं कपाट जागेवर नेऊन ठेवलं, शीळ घालत. जाता जाता गोळीचं पाकीट निरखून म्हणाला, "भावोजी, हृदय पण स्नायूच ना हो?"

तो गेला. प्रश्न राहिला.

थोड्या वेळानं पापण्या मिटायला लागल्या. पाय दुसऱ्या कुणाचे तरी वाटू लागले. डावा हात हलवून पाहिला, तर तो हलेचना! मी जड जिभेनं बायकोला हाक मारली आणि निरवानिरव सुरू केली. गॅस वेळेवर बुक कर म्हटलं, कुंड्यांना पाणी घाल म्हटलं, आणि मेहुण्याला मी माफ केलंय, हेही सांगून टाकलं.

आधी ती हसली. पण हाताचं सांगितल्यावर तिचा चेहरा उतरला. एक तळवा माझ्या छातीवर ठेवून तिनं दुसऱ्या हातानं डॉक्टरांना फोन लावला आणि स्पीकर चालू करून उशीशी ठेवला. छातीत दुखतंय का, श्वास लागतोय का, चेहरा वाकडा दिसतोय का, सगळं विचारून झाल्यावर डॉक्टर म्हणाले, "अहो, ही गोळी काम करते मेंदूत आणि मज्जारज्जूत. तिथून स्नायूला 'आवळून धर' असा निरोप सारखा जात असतो, तो ती मंद करते. हृदयाचा ठोका हृदयातच तयार होतो. त्याला हा निरोप लागत नाही. त्यांना झोप आलीय, झोपू द्या."

"आणि हात?" मी क्षीण आवाजात विचारलं.

बायकोनं पांघरूण उचलून पाहिलं. "त्याच्यावर तुम्ही झोपलायत," ती म्हणाली आणि तिनं माझ्या अंगाखालून हात ओढून काढला. हाताला मुंग्या आल्या. मुंग्यांचा इतका आनंद मला कधी झाला नव्हता. छातीवरचा तिचा तळवा तसाच राहिला, आणि मी शांत झोपलो.

उठलो तेव्हा पाठ बरीच मोकळी झाली होती. डॉक्टर आणखी काही म्हणाले का, असं मी विचारलं.

"मेंदू मंद झाल्यासारखा वाटतोय का, म्हणून विचारत होते," ती चहा गाळत म्हणाली. "मी म्हटलं, नाही हो, नेहमीसारखाच आहे."